काल पाहिलेलं रक्त : नाबोथाच्या मळ्याचं प्रकरण

आमच्या बायबल अभ्यासाला एक ताई येऊ लागल्या. त्यांचे यजमान एका कचेरीत अकाउंट्स बघायचे. रकमेत तफावत निघाली, दोन सहकाऱ्यांनी लेखी जबाब दिले, ठपका यांच्यावर आला आणि ते सस्पेंड झाले. चौकशी पुरी व्हायच्या आत वारले. पुढे ती तफावत दुसऱ्याच टेबलावरची निघाली, पण तसं कुणी कागदावर घेतलं नाही. कागदावर ते आजही अपहार करणारेच आहेत.

सांत्वनाला येणारा प्रत्येक जण ताईंना एकच वाक्य सांगून जायचा, "ताई, देव न्यायी आहे." त्या मान हलवून ऐकून घ्यायच्या. एका संध्याकाळी मात्र त्यांनी मला थांबवून विचारलं, "पास्टर, देव न्यायी आहे हे मला लहानपणापासून पाठ आहे. पण तो न्याय करतो कसा, कुठून सुरू करतो, किती वेळ लावतो, हे कुठे नीट लिहिलंय का?"

लिहिलंय. बायबलातल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात ते प्रकरण सुरू होतं आणि 'दुसरे राजे' या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात त्याचा निकाल अमलात येतो. आम्ही चार आठवडे तेवढंच वाचलं, खटल्याचे कागद वाचतात तसं, एकेका ओळीवर बोट ठेवून. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतो आहे.

मागणी आणि नकार

अहाब इस्राएलचा राजा. राजधानी शोमरोनात, दुसरा वाडा इज्रेलात, आणि या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने रीतसर विचारलं : याहून चांगला मळा देतो, नाहीतर चांदीत किंमत घे. नुसता व्यवहार म्हणून बघितलं तर यात खोट काढायला जागा नाही. नाबोथाने उत्तर दिलं की वाडवडिलांचं वतन मी तुम्हाला द्यावं असं परमेश्वर माझ्या हातून न घडवो.

त्याच्या या बोलण्यात हट्ट नव्हता. लेवीय २५:२३ मध्ये परमेश्वर सांगतो की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ उपरे म्हणून राहता. गणना ३६:७ मध्ये प्रत्येकाने आपल्या पूर्वजांच्या वतनाला धरून राहावं अशी आज्ञा आहे. नाबोथाच्या लेखी मळ्याचा मालक परमेश्वर होता आणि तो स्वतः राखणदार. राखणदाराने धन्याची वस्तू विकायची कशी?

भाजीच्या मळ्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. अनुवाद ११:१० मध्ये मिसर देशाची जमीन कशी होती ते सांगताना "भाजीच्या मळ्यासारखी" असं म्हटलंय, आणि मूळ इब्रीत अहाबाच्या तोंडी तेच शब्द आहेत. उलट यशया ५ मध्ये द्राक्षमळा म्हणजे खुद्द इस्राएल. द्राक्षवेल धरायला वर्षं लागतात, भाजी एका हंगामात येते. वेल उपटून तिथे मिसराची भाजी लावायला निघालेला राजा, हे चित्र लिहिणाऱ्याच्या हातून सहज उमटलं असेल असं मला वाटत नाही.

अहाब घरी येऊन तोंड फिरवून निजला, जेवेना. ईजबेल राणीने कारण विचारलं तेव्हा त्याने काय सांगितलं ते मूळ संवादाशेजारी ठेवून वाचावं. नाबोथ म्हणाला होता, "परमेश्वर न घडवो" आणि "वाडवडिलांचं वतन". अहाबाच्या सांगण्यात परमेश्वरही नाही आणि वाडवडीलही नाहीत. नुसतं, "तो म्हणाला, माझा मळा देत नाही." एका माणसाचा विश्वास गाळला आणि उरलेला भाग तक्रार म्हणून पुढे सरकवला. अन्यायाची सुरुवात पुष्कळदा अशा अर्ध्या वाक्यातून होते. ताईंनी इथे पेन्सिलीने रेघ मारली. त्यांच्या यजमानांच्या जबाबातलीही दोन वाक्यं टंकलेल्या प्रतीत आली नव्हती.

कायद्याच्या पोशाखातला खून

ईजबेलीने अहाबाच्या नावाने पत्रं लिहिली, त्यांवर त्याची मोहोर केली आणि ती नाबोथाच्याच गावच्या वडीलजनांना व सरदारांना धाडली. मजकूर असा : उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांपुढे मानाच्या जागी बसवा, त्याच्यासमोर दोन अधम माणसं बसवा, आणि यानं देवाला व राजाला शिव्याशाप दिले अशी साक्ष त्यांच्याकडून वदवून घ्या. मग त्याला गावाबाहेर नेऊन धोंडमार करा.

यातलं प्रत्येक पाऊल मोशेच्या नियमशास्त्राला धरून आहे, आणि हीच या पत्रातली सर्वांत भयंकर गोष्ट. दोन साक्षीदारांशिवाय देहान्त शिक्षा नाही (अनुवाद १७:६) : दोन आहेत. देवाची निंदा आणि अधिपतीला शाप, दोन्ही निषिद्ध (निर्गम २२:२८) : आरोप नेमका तोच. शिक्षा वस्तीबाहेर : तीही पाळली. गावाने उपास धरायचा म्हणजे आपल्यात कुणीतरी पाप केलंय आणि ते शोधायला हवं, असं वातावरण आधीच तयार. निर्दोष माणसाला वाचवण्यासाठी जे नियम दिले होते तेच त्याच्या गळ्यात अडकवले. खोट्या साक्षीदाराने दुसऱ्याचं जे करायचं योजलं तेच त्याचं करावं, हा अनुवाद १९ चा नियम तेवढा कुणाला आठवला नाही.

त्या मानाच्या जागेचं मी थोडं अधिक बोलतो. नाबोथ समोर बसला होता, सगळ्यांना दिसेल असा. कदाचित त्याला वाटलं असेल की गावाने आपला मान ठेवला. समोरच्या दोघांची तोंडं त्याने पाहिली असतील. आजूबाजूला बसलेले वडीलजन त्याच्या वडिलांना ओळखणारे, त्याच्या मळ्याच्या बांधावरून जाणारे येणारे.

काम झाल्यावर त्यांनी निरोप पाठवला, "नाबोथाला धोंडमार झाली, तो मेला." तो निरोप त्यांनी ईजबेलीला पाठवला. पत्रं अहाबाच्या नावाची, मोहोर अहाबाची, आणि पोच मात्र राणीकडे. म्हणजे पत्र कुणाचं आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आम्हाला फसवलं असं म्हणायची त्यांना सोय नाही. भीती होती हे खरं, पण त्याच राणीच्या काळात, त्याच राजाच्या वाड्याचा कारभारी ओबद्या याने १०० संदेष्ट्यांना पन्नास पन्नास करून गुहांत लपवलं आणि जगवलं (१ राजे १८). नाही म्हणता येत होतं. इज्रेलात एकानेही म्हटलं नाही.

निकाल कधी लागला

अहाब मळ्याचा ताबा घ्यायला उतरला आणि तिथे परमेश्वराचा संदेष्टा एलीया उभा. "तू खून केलास आणि वतनही बळकावलंस काय?" अहाबाने कुणाला हात लावला नव्हता. पत्र बायकोने लिहिलं, साक्ष दुसऱ्यांनी दिली, धोंडे गावकऱ्यांनी मारले, तो तर बिछान्यात पडून होता. एलीया त्यालाच म्हणाला, तू. मोहोर ज्याची, खून त्याचा.

आता दुसऱ्या राजांचा नववा अध्याय उघडा. वर्षं लोटल्यावर येहू, अहाबाच्या घराण्याविरुद्ध उठून राजा झालेला सेनानी, आपल्या बिदकर नावाच्या सरदाराला एका दिवसाची आठवण करून देतो. तू आणि मी अहाबाच्या मागून रथात चाललो होतो तेव्हा परमेश्वराने त्याच्याविषयी असं वचन दिलं होतं की, काल मी नाबोथाचं रक्त आणि त्याच्या मुलांचं रक्त पाहिलं आहे, आणि याच शेतात तुझी परतफेड करीन.

या एका ओळीत दोन गोष्टी आहेत आणि दोन्हींनी आम्हाला त्या संध्याकाळी गप्प केलं.

पहिली, त्याच्या मुलांचं रक्त. एकविसाव्या अध्यायात मुलांचा उल्लेखच नाही. वडीलजनांनी राणीला पाठवलेल्या निरोपातही नाही. वारस उरला असता तर मळा राजाकडे गेला नसता, म्हणून मुलांनाही संपवलं असणार, आणि अहवालात ते आलंच नाही. माणसांच्या कागदात जे गाळलं ते देवाच्या नोंदीत पुरतं आहे. हिशेब बघणाऱ्या माणसाच्या विधवेला याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

दुसरी, "काल". वचन आलं तेव्हा खुनाला एक दिवस झाला होता. म्हणजे देवाने पाहिलं त्याच दिवशी, आणि निकाल सुनावला दुसऱ्या दिवशी. उशीर झाला तो शिक्षेच्या अंमलबजावणीला. "देवाच्या घरी देर है" असं आपण सरसकट म्हणून टाकतो तेव्हा या तिन्हींची गल्लत करतो. पाहणं, ठरवणं आणि अमलात आणणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोहोंत क्षणाचाही विलंब नव्हता. दैवी न्यायावर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमका कशावर, याचं या प्रकरणातून मला मिळालेलं उत्तर हेच आहे. शिक्षा अजून दिसत नसली तरी माझ्या माणसाविषयीचा खरा निकाल देवापाशी केव्हाच लागलेला आहे, यावर.

मधली १२ वर्षं

किती उशीर झाला ते बऱ्यापैकी मोजता येतं. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याने कर्कर इथे इ.स.पू. ८५३ मध्ये लढाई केली. त्याच्या शिलालेखात विरोधी राजांमध्ये इस्राएलचा अहाब आहे. त्याच राजाच्या काळ्या स्तंभावर येहूची खंडणी कोरलेली आहे, आणि ती ८४१ ची. अहाब पुढे रामोथ-गिलादच्या लढाईत सहज सोडलेल्या एका बाणाने मेला. मग त्याचा मुलगा अहज्या याची २ वर्षं, मग दुसरा मुलगा योराम याची १२, बायबलच्या मोजणीप्रमाणे. म्हणजे नाबोथाच्या रक्ताचा निकाल सुमारे १२ वर्षं, कदाचित थोडा अधिक काळ, अंमलबजावणीविना पडून होता. मळा तेवढा काळ वाड्याकडेच राहिला असणार.

उशिराचं कारण शास्त्रात स्पष्ट दिलंय, आणि ते गिळायला सोपं नाही. एलीयाचं बोलणं ऐकून अहाबाने कपडे फाडले, अंगाला गोणताट गुंडाळलं, उपास केला, मान खाली घालून वावरू लागला. तेव्हा परमेश्वर एलीयाला म्हणाला, तो माझ्यापुढे नमला आहे, म्हणून हे अरिष्ट मी त्याच्या हयातीत आणणार नाही, त्याच्या मुलाच्या काळात आणीन.

ताईंनी पुस्तक मिटलं. "म्हणजे मारणाऱ्याने चार दिवस उपास केला म्हणून त्याला सवलत. आणि नाबोथाच्या बायकोला? तिला कुणी जाऊन सांगितलं का, एलीया काय बोलला ते?"

वचनात तिच्याबद्दल एक अक्षर नाही. मुलं होती म्हणजे त्यांची आई होती एवढंच. मी ताईंना गोड उत्तर दिलं नाही आणि इथेही देत नाही. नवरा आणि मुलं पुरून झाल्यावर वाड्याकडून द्राक्षवेलांवर पडणाऱ्या कुऱ्हाडीचा आवाज जिने ऐकला असेल, तिला "देव दयाळू आहे, त्याने अहाबाला वेळ दिला" हे वाक्य कसं ऐकू आलं असतं?

तरीही त्या दयेबद्दल मला काही म्हणायचं आहे. पापी माणूस नमताच परमेश्वराचा हात थांबतो, हा त्याचा स्वभाव आहे, आणि माझं स्वतःचं तारण त्याच स्वभावावर उभं आहे. तो हात अहाबासाठी थांबू नये आणि माझ्यासाठी थांबावा, असं मी कुठल्या तोंडाने मागू? प्रभू विलंब करत नाही, कुणाचा नाश व्हावा अशी त्याची इच्छा नसल्यामुळे तो धीर धरतो, असं पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आहे. त्या धीराची किंमत मात्र बऱ्याचदा पीडितच मोजतात, हे आपण मंडळीत मोठ्याने कबूल करायला हवं.

आणि अहाबाच्या उपासात एक भोक आहे. त्याने मळा परत केल्याची नोंद नाही. लेवीय ६ मध्ये बळकावलेली वस्तू परत द्यायची आणि वर पाचवा हिस्सा घालायचा नियम आहे. हे त्या काळी जमण्यासारखं नव्हतं असंही नाही. इज्रेलसमोर, खोऱ्याच्या पलीकडे शूनेम आहे. तिथली एक बाई दुष्काळात सात वर्षं परदेशी राहून आली आणि घर, शेत मागायला राजाकडे गेली. राजाने एक अधिकारी नेमून तिचं सगळं, गेल्या दिवसापासूनच्या शेताच्या उत्पन्नासकट, परत देवविलं (२ राजे ८). अहाबाला गोणताट नेसता आलं, सातबारा सोडता आला नाही, असं आजच्या भाषेत म्हणता येईल. पुढे योरामालाही ते करता आलं असतं. बापाच्या पापासाठी मुलाला का, हा प्रश्न मला छळतो, पण योरामाने बापाची लूट १२ वर्षं जवळ ठेवली, तेव्हा ती नुसती बापाची उरली नव्हती.

अंमलबजावणी, आणि ती करणारा हात

योराम जखमी होऊन इज्रेलात पडला होता. त्याच्याविरुद्ध उठलेला येहू आला तेव्हा दोघांचे रथ नेमके त्या जमिनीत समोरासमोर आले. बाण लागला आणि येहूने त्याचं प्रेत नाबोथाच्या शेतात टाकवलं. ईजबेलीचाही शेवट इज्रेलातच झाला, त्यात मला रमायचं नाही.

येहूने मात्र तिथे हात थांबवला नाही. रक्त पुढेही वाहत राहिलं, आणि होशेय १:४ मध्ये परमेश्वर म्हणतो की इज्रेलच्या रक्तपाताबद्दल मी येहूच्या घराण्याचं शासन करीन. ज्याच्या हातून न्याय अमलात आला त्याचाच हिशेब मागितला गेला. "सूड घेणं माझ्याकडे" हे वचन पौलाने रोमकरांस का लिहिलं ते इथे कळतं. सूडाचं हत्यार हाती घेतलेल्या माणसाला कुठे थांबायचं ते समजत नाही.

पण सूड देवावर सोपवणं म्हणजे बोलणंही सोडणं नव्हे. एलीया मळ्यात गेला होता. घरी बसून त्याने "देव बघून घेईल" असं म्हटलं असतं तर तो इज्रेलच्या वडीलजनांतलाच एक झाला असता. आमच्या मंडळीतल्या हिशेब कळणाऱ्या दोघांनी ताईंबरोबर बसून सगळी कागदपत्रं तारीखवार लावली. चौकशीच्या अहवालाची प्रत मागितली, नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज लिहिला. हे आम्ही पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं. तेव्हा आम्ही फक्त वचन ऐकवून परतलो होतो, याची मला लाज वाटते.

दुसरा नाबोथ

चौथ्या बैठकीत आम्ही मत्तय २६, म्हणजे येशूचा खटला, उघडला. शेवटी पुढे आलेले दोन खोटे साक्षीदार. देवनिंदेचा आरोप. रोमी सुभेदार पिलातासमोर तोच आरोप राजाविरुद्धचा होतो (लूक २३). मग वेशीबाहेर नेऊन वध. देव आणि राजा, दोन साक्षीदार, गावाबाहेर : नाबोथाच्या खटल्याची तीच चौकट, आणि आत उभा देवाचा पुत्र. कुणी काही समजावायच्या आधी ताई म्हणाल्या, "म्हणजे तो त्या जागेवर बसून आलाय."

बसून आलाय. पेत्र लिहितो की त्याची निंदा होत असता त्याने उलट निंदा केली नाही, तर यथार्थ न्याय करणाऱ्याकडे स्वतःला सोपवलं. आणि तिसऱ्या दिवशी पित्याने तो निकाल उलटवला. अथेन्समध्ये पौल सांगतो की देवाने न्यायाचा दिवस नेमला आहे, न्यायाधीश नेमला आहे, आणि त्याला मेलेल्यांतून उठवून याची खात्री पटवली आहे. म्हणून ख्रिस्ती माणसाच्या लेखी येशूचं पुनरुत्थान ही नुसती सांत्वनाची गोष्ट नाही. खोट्या साक्षीवर मारलेल्या एका माणसाचा खटला वरच्या न्यायालयात फिरला, आणि उरलेले सगळे खटले त्याच्याच हाती आहेत. नाबोथाचा मळा येहूच्या बाणाने नाबोथाला परत मिळाला नाही. मेलेल्या माणसाला न्याय द्यायचा तर त्याला उठवावंच लागतं, आणि ते एकालाच येतं.

अजून एक ओळ राहिली, ती ताईंनीच शोधली. योराम आणि येहू भेटले त्या जागेला २ राजे ९:२१ मध्ये काय म्हटलंय? "नाबोथ इज्रेलकराचं शेत." ताबा घेऊन १२ वर्षं झाली होती, नाबोथाचा वंश उरला नव्हता, तरी शेत नाबोथाचंच म्हणवत होतं.

अर्जाच्या मसुद्यात आम्ही विषयाच्या ओळीत "संदर्भीय कर्मचारी" असं लिहिलं होतं. ताईंनी ते खोडून यजमानांचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. अर्जाला अजून उत्तर नाही. ठरावीक दिवस झाले की त्या स्मरणपत्र देतात आणि पोच घेऊन येतात. परवा तिसऱ्या पत्राची पोच त्यांनी बायबलमध्ये त्याच पानाशी ठेवली.